आधी तेल, मग उटणं

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी चार दिवस कॉलेजला तोंडाला ओढणी बांधून आले होते. परीक्षा जवळ आली होती, त्यामुळे घरी बसणं शक्य नव्हतं. गालांवर लाल चट्टे, नाकाच्या दोन्ही बाजूंना सोललेली कातडी, आणि साधं पाणी लागलं तरी चरचरायचं. कुणी विचारलं की मी सांगायचे, "उन्हाने झालं." ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्या कपाटातल्या नऊ बाटल्यांमध्ये होतं.

शिकवण्यांचे साठवलेले पैसे घालून मी त्या नऊ बाटल्या मागवल्या होत्या. मोबाइलवर कोरियन मुलींचे काचेसारखे चेहरे बघितले होते आणि दहा पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. पार्सल आलं त्याच रात्री सगळं एकदम सुरू केलं. सकाळी आम्लाचा टोनर आणि व्हिटॅमिन सी, रात्री रेटिनॉल, वर आठवड्यातून दोनदा स्क्रब. सनस्क्रीन मात्र 'चेहरा तेलकट आणि पांढरट दिसतो' म्हणून तसंच ठेवून दिलं. आमलीचं एप्रिलमधलं ऊन तुम्हाला माहीत आहे. रिक्षातून उतरून फाटकापर्यंत येईस्तोवर घामाने ओढणी भिजते. अशा उन्हात मी रोज सोललेला चेहरा घेऊन फिरत होते.

शेवटी आईने त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टर मॅडमनी वहीतली यादी वाचली आणि विचारलं, "शिकतेस ना? मग एका प्रयोगात एका वेळी किती गोष्टी बदलायच्या असतात?" मी म्हटलं, "एक." त्या म्हणाल्या, "तू नऊ बदलल्यास. आता नक्की कशाने झालं ते तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही." महिनाभर तीनच गोष्टी वापरायच्या, असं त्यांनी लिहून दिलं : सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

पुढचं वर्षभर मी जे वाचलं, विचारलं आणि सावकाश करून पाहिलं, ते या पाठात मांडते आहे. आपल्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी हा विषय सांगितला, तेव्हा एकाने विचारलंच, "हा साहित्याचा विषय आहे का?" मला वाटतं, आहे. आपण चेहऱ्यावर काय लावतो त्याला आपल्या भाषेत नाव नसेल, तर ते काय आहे हेही आपल्याला धड कळत नाही, आणि मग बाटली सांगेल ते खरं मानावं लागतं.

कातडी म्हणजे भिंत

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. चपट्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात मुख्यतः सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतात. भिंत शाबूत असली की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची धूळ, जंतू बाहेर राहतात. चुना निघाला की पाणी उडून जातं, त्वचा ताणल्यासारखी होते, आणि कालपर्यंत चालणारी क्रीमही झोंबायला लागते. माझं झालं ते हेच.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. अंगाच्या साबणाच्या वडीचा पीएच ९ ते १० च्या घरात जातो. म्हणून साबणाने तोंड धुतल्यावर जो 'चकचकीत, करकरीत' अनुभव येतो, तो स्वच्छतेचा नसून चुना खरवडल्याचा असतो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. वरचा थर पूर्ण बदलायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळे कुठल्याही सीरमचा गुण आठ दिवसांत दिसत नाही. दिसलाच, तर ते बहुधा फक्त ओलाव्याने आलेलं तेज असतं.

दहाचा आकडा आला कुठून?

कोरियातल्या प्रत्येक घरात रोज दहा बाटल्या उघडतात, हा आपला समज बरोबर नाही. दहा पायऱ्यांची ही शिडी जगभर गाजली ती बरीचशी अमेरिकेतून. शार्लट चो या कोरियन-अमेरिकन बाईंनी २०१२ मध्ये 'सोको ग्लॅम' हे ऑनलाइन दुकान सुरू केलं आणि २०१५ मध्ये त्वचानिगेवर पुस्तक लिहिलं. त्यांच्यामुळे 'दहा' हा आकडा तोंडी बसला. पुढे खुद्द कोरियातच 'स्किप-केअर', म्हणजे पायऱ्या गाळून मोजक्याच गोष्टी नीट लावायच्या, अशी चाल आली. म्हणजे दहा हा नियम नाही. ती दहा खणांची पेटी आहे, आपल्याला लागतील तेवढेच खण उघडायचे.

मग कोरियन पद्धतीतलं शिकण्यासारखं काय? माझ्या मते तीन गोष्टी. रोगावर उपाय करण्याआधी रोजची निगा राखायची. घासण्यापेक्षा ओलावा द्यायचा. आणि क्रम पाळायचा.

आजीला हे आधीच माहीत होतं

क्रमाची गंमत मला दिवाळीत कळली. नरक चतुर्दशीला पहाटे आजीने नेहमीप्रमाणे पाटावर बसवलं, डोक्यापासून पायापर्यंत तेल चोळलं, मग उटणं लावलं आणि मग ऊन पाणी. मी म्हटलं, "आजी, हे तर डबल क्लेन्झिंग!" आजी म्हणाली, "तुझं डबल का काय ते मला ठाऊक नाही. पण आधी तेल, मग उटणं. उलटं केलंस तर उटणं अंगावर नुसतं वाळेल आणि मळ तिथंच राहील."

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यातही अभ्यंग आधी येतो, मध्ये व्यायाम, मग उद्वर्तन म्हणजे उटणं चोळणं, आणि नंतर स्नान. कोरियातही जुन्या काळी तेलबियांची आणि धान्य-कडधान्यांची चलती होती. १३९२ साली सुरू झालेल्या जोसॉन राजवटीच्या काळात तिथे मूग दळून त्याची पूड तोंड-हात धुवायला वापरत. आपलं डाळीचं पीठ आणि त्यांचा मूग ही सख्खी भावंडंच म्हणायची.

तर्क अगदी साधा आहे. तेलात तेल विरघळतं, पाण्यात घाम आणि धूळ. सनस्क्रीन, मेकअप आणि त्वचेचं स्वतःचं तेल नुसत्या पाण्याने निघत नाही.

पायऱ्या, एकेक करून

सगळ्यांना लागू असा एकच नियम : पातळ आधी, घट्ट नंतर. घट्ट क्रीम आधी लावलं तर त्यावरून पाण्यासारखं सीरम आत जात नाही.

१. तेलाने धुणं. हे फक्त रात्री, आणि सनस्क्रीन किंवा मेकअप लावला असेल तरच. कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर हलकं चोळायचं, मग ओल्या बोटांनी चोळलं की ते दुधासारखं पांढरं होतं आणि धुतलं जातं. विकतच्या क्लेन्झिंग ऑइलमध्ये पाण्यात मिसळणारे घटक असतात म्हणून हे होतं. घरच्या खोबरेल तेलात ते नसतात. ते रंध्रांत साठतं आणि मुरुम येणाऱ्या चेहऱ्याला त्रास देतं. अंगाला खोबरेल उत्तम, तोंडाला जपून.

२. फेसाने धुणं. पीएच ५ ते ६ च्या आसपासचा सौम्य फेसवॉश. सकाळी हीच पायरी पुरते. त्वचा कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणीही चालतं.

३. मृत पेशी काढणं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. अक्रोडाच्या सालीसारखे खरखरीत दाणे टाळा. तेलकट आणि मुरुमांच्या त्वचेला सॅलिसिलिक आम्ल चालतं, कारण ते तेलात विरघळतं आणि रंध्राच्या आत शिरतं. घरी वापरायच्या वस्तूंत ते ०.५ ते २ टक्के असतं. ज्या रात्री हे लावाल त्या रात्री रेटिनॉल नाही. माझी पहिली चूक हीच होती.

४. टोनर. पूर्वी टोनर म्हणजे स्पिरिटसारखा झोंबणारा, तेल पुसून काढणारा द्रव असायचा. कोरियन टोनर बहुधा त्याच्या उलट असतो : ओलावा देणारं पाणी. कापूस नको, तळहातावर घेऊन थोपटायचं.

५. एसेन्स. टोनर आणि सीरम यांच्या मधलं पातळ द्रावण. गोगलगायीच्या स्रावाचं प्रसिद्ध एसेन्स याच खणात येतं. ही पायरी गाळली तरी काही बिघडत नाही. मी गाळते.

६. सीरम. इथे खरी औषधी द्रव्यं येतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त संयम लागतो. एक तक्रार, एक सीरम. मुरुमांचे काळे डाग आणि तेलकटपणा यांसाठी नायसिनामाइड चांगलं. ते रंगद्रव्य एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाण्याचा वेग कमी करतं, आणि २ ते ५ टक्के पुरतं. १५-२० टक्क्यांचा आकडा बघून भुलू नका.

७. शीट मास्क. आठवड्यातून एकदा, १५-२० मिनिटं. चेहऱ्यावर वाळेपर्यंत ठेवला तर तोच ओलावा परत ओढून घेतो. सणासमारंभाच्या आदल्या दिवशी बरा, रोजची गरज नाही.

८. डोळ्यांखालचं क्रीम. विशीत बहुतेकांना साधं मॉइश्चरायझरच तिथेही पुरतं. जागरणाची काळी वर्तुळं झोपेने जातात, हे परीक्षेच्या काळात लिहिताना मला हसू येतं आहे.

९. मॉइश्चरायझर. भिंतीचा चुना. तेलकट त्वचेलाही लागतो, फक्त जेलसारखा हलका घ्यायचा. चेहरा किंचित ओला असतानाच लावा.

१०. सकाळी सनस्क्रीन. रात्री ही पायरी नाही. त्याजागी काही जण स्लीपिंग मास्क लावतात, पण आपल्याकडच्या दमट हवेत त्याची क्वचितच गरज पडते.

एकच पायरी निवडायला सांगितली तर मी दहावी निवडेन. एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांसाठी असतो. ३० चं सनस्क्रीन नीट लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० चं सुमारे ९८ टक्के. डाग गडद करणारे यूव्हीए किरण काचेतूनही येतात, त्यांच्यासाठी 'पीए' पुढची अधिक चिन्हं बघायची. पण हे सगळे आकडे पुरेसं सनस्क्रीन लावलं तरच खरे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीच्या रेघा ओढा, तेवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पांढरा थर दिसतो ही तक्रार खरी आहे. तो बहुधा झिंक किंवा टायटॅनियमचा असतो. म्हणून आधी छोटी ट्यूब घ्या.

आमलीच्या हवेत

सोलची थंडी बोचरी आणि कोरडी असते. आपल्याकडे दमणगंगेच्या काठी जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते. म्हणून तिकडची शिडी जशीच्या तशी इथे लावायची नाही.

उन्हाळ्यात मी सकाळी दोनच गोष्टी लावते : हलकं जेल आणि सनस्क्रीन. आम्लं मार्च ते मे जवळजवळ बंद. पावसाळ्यात मॉइश्चरायझर आणखी कमी. कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या आल्या तर प्रत्येक वेळी त्या मुरुमच असतात असं नाही. घाम आणि दमटपणात त्वचेवरचं यीस्ट वाढूनही त्या येतात, आणि तेलकट लेपांनी वाढतात. तेव्हा नवीन काही विकत न घेता डॉक्टरांना दाखवावं. डिसेंबर-जानेवारीत मात्र चौथी आणि नववी पायरी मनापासून करते.

मसाट-पिपरियाच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर घाम आणि धूळ मिळून एक थर बसतो. माझी आई त्यांतलीच एक. तिच्यासाठी मी दोनच पायऱ्या ठेवल्या : घरी आल्यावर फेसवॉश, मग मॉइश्चरायझर. दिवसपाळी असेल तर निघताना सनस्क्रीन. ती ते न चुकता करते, कारण दोन मिनिटांत होतं. जी दिनचर्या दमून आलेल्या माणसाला जमत नाही, ती कितीही चांगली असली तरी कागदावरच राहते.

घरी तांदूळ धुतलेल्या पाण्याबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. आपण भात खाणारी माणसं, त्यामुळे ते फुकट मिळतं. दुसऱ्या-तिसऱ्या धुवणाचं ताजं पाणी तोंडावर मारायला हरकत नाही, चेहरा मऊ वाटतो. पण ते बाटलीत भरून दिवसेंदिवस ठेवू नका. ते आंबतं. आणि लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट या गोष्टी चेहऱ्यापासून लांबच ठेवा.

लेबल वाचणं हाही अभ्यासच

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्क्याखालचे घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. पुढे मोठ्या अक्षरात 'जिनसेंग' आणि मागे यादीत ते तळाशी सुगंधाच्या शेजारी, म्हणजे काय ते समजून घ्या. उघड्या डबीच्या चित्रात '१२ एम' लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. कोरियन बाटल्यांवर तारीख पुष्कळदा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने असते, ती उलटी वाचू नका. परदेशी सौंदर्यप्रसाधनं भारतात विकायला नोंदणी लागते, आणि लेबलवर नोंदणी क्रमांक व आयातदाराचं नाव-पत्ता असायला हवा. ते नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी परत ठेवा.

नवीन वस्तू कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला सलग आठवडाभर लावून पाहा. मग चेहऱ्यावर. दोन नव्या वस्तूंमध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. तारीख वहीत लिहा.

बिनलेबलाची डबी

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. माझ्या मामेबहिणीला लग्नाआधी कुणीतरी एक पांढरी प्लास्टिकची डबी दिली. 'कोरियन क्रीम आहे, पंधरा दिवसांत उजळ.' लेबल नव्हतं. पंधरा दिवसांत खरंच उजळली. बंद केल्यावर चेहरा लालबुंद, गरम, बारीक पुरळ, म्हणून परत लावली. लग्नानंतर वर्षभर ती त्या डबीची गुलाम होती. डॉक्टरांनी निदान केलं : क्रीममध्ये स्टेरॉइड.

बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही मलमं ठरावीक आजारांत ठरावीक दिवसांसाठी फार उपयोगी आहेत. पण गोरेपणासाठी महिनोन् महिने चोपडली तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरुम उठतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची सवलत काढून घेतली. तरीही ती डब्यांत मिसळून आपल्यापर्यंत येतात. ज्यांनी लावली आहेत त्यांनी घाबरून एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवून बंद करावीत.

दुसरं विष पारा. तो रंगद्रव्य तयार होणं अडवतो म्हणून चेहरा उजळ दिसतो, पण कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींनी स्थानिक पातळीवर मिळालेलं क्रीम वापरलं आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा पारा सापडला. कायद्याने साध्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बिनलेबलाच्या डबीला हा कायदा कसा लावणार?

नितळ

'ग्लास स्किन'ला मराठी शब्द शोधताना मला 'नितळ' सापडला. आपण तो पाण्यासाठी वापरतो. नितळ पाणी म्हणजे पांढरं पाणी नव्हे. तळ दिसेल असं, गढूळ नसलेलं. विहिरीचं काळंशार पाणीही नितळ असतं. गोरा आणि नितळ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि बाजार ते मुद्दाम एक करून विकतो. ज्या भाषेने आपल्या देवाला कौतुकाने 'सावळा' म्हटलं, त्या भाषेतल्या मुलींनी तरी हा फरक विसरू नये.

मामेबहीण आता बरी आहे. तिच्या कपाटात तीन बाटल्या आहेत, तिन्हींना लेबल आहे. माझ्याकडे चार. उरलेल्या पाचांपैकी दोन आईला चालल्या, तीन मुदत संपून गेल्या.

गृहपाठ एवढाच : आज रात्री तुमच्याकडे असलेली प्रत्येक बाटली आणि डबी समोर मांडा, मागची बाजू वाचा, आणि प्रत्येकीपुढे तिचं काम एका मराठी वाक्यात लिहा. जिचं काम लिहिता आलं नाही, ती आठवडाभर बाजूला ठेवा. जिच्यावर वाचायलाच काही नाही, ती लावू नका आणि मैत्रिणीलाही देऊ नका. मुकाट्याने फेकू मात्र नका. आधी कुणी दिली ते विचारा, आणि त्रास होत असेल तर ती डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.